एक पत्ता, अनेक नावे : घरच्या संगणकावरील व्हर्च्युअल होस्ट

महाराष्ट्रात नवापूर हे नाव एकाहून अधिक गावांना आहे. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे तालुक्याचे ठिकाण. तेथील रेल्वे स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असल्याने ते अनेकांना ठाऊक असते. दुसरे नवापूर पालघर तालुक्यात, बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी वसलेले. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुवीज केंद्र ही त्याची शेजारी मंडळी. पाकिटावर नुसते 'नवापूर' लिहून पत्र पेटीत टाकले, तर ते यांपैकी कोठे जाईल हे सांगणे कठीण. सारख्या नावांच्या गावांमुळे आणि निरनिराळ्या लिप्यांतील पत्त्यांमुळे होणारा हा घोळ टाळण्यासाठीच टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन कोड लागू केला. त्या योजनेचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याकडे जाते. ते संस्कृतचे कवीही होते.

पिन कोडने 'नाव एक, गावे दोन' हा प्रश्न सोडवला. इंटरनेटवर मात्र नेमका याच्या उलट प्रश्न उभा राहिला. तेथे पत्ता एक आणि नावे अनेक अशी स्थिती होती. एकाच संगणकावर, एकाच क्रमांकाच्या पत्त्यावर दहा किंवा शंभर संकेतस्थळे नांदवायची, आणि तरीही प्रत्येक पाहुण्याला त्याने विचारलेल्या दारातच सोडायचे, ही कसरत वेब सर्व्हर ज्या सोयीमुळे करू शकतो, तिला 'व्हर्च्युअल होस्ट' म्हणतात. याचे 'आभासी यजमान' असे भाषांतर केल्यास ते लग्नपत्रिकेत अधिक शोभेल, म्हणून येथे मूळ शब्दच वापरलेला बरा.

ही सोय केवळ मोठमोठ्या होस्टिंग कंपन्यांसाठी आहे, असा समज दिसतो. वास्तविक तिचा खरा उपयोग घरच्या किंवा कार्यालयातील संगणकावर संकेतस्थळ तयार करणाऱ्याला अधिक होतो. समजा, नवापूरमधील एक तरुण तीन संकेतस्थळांचे काम एकाच वेळी करीत आहे. एक किनाऱ्यावरील घरगुती निवासव्यवस्थेचे, दुसरे औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याचे आणि तिसरे वाचनालयाचे. त्याने आपल्या संगणकावर अपाचे हा वेब सर्व्हर बसवला आहे. बहुतेक जण करतात तेच तोही करतो. सर्व्हरच्या मुख्य फोल्डरमध्ये किनारा, कारखाना आणि वाचनालय असे तीन उपफोल्डर काढतो आणि ब्राउजरमध्ये 'लोकलहोस्ट'पुढे तिरपी रेघ देऊन त्यांची नावे लिहितो. तिन्ही संकेतस्थळे दिसू लागतात. मग अडचण कोठे आहे?

अडचण काम बाहेर नेण्याच्या दिवशी येते. पानावरील चित्राचा किंवा दुव्याचा पत्ता तिरप्या रेघेने सुरू होत असेल, तर ब्राउजर तो संकेतस्थळाच्या मुळापासून शोधतो. घरी हे मूळ तिन्ही संकेतस्थळांना सामाईक असते. त्यामुळे चित्रे दिसावीत म्हणून प्रत्येक पत्त्यात 'किनारा' हा शब्द घुसडावा लागतो आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर गेल्यावर तो सगळीकडून काढावा लागतो. काढताना एखादा राहतोच. दुसरी अडचण याहून छुपी आहे. ब्राउजर ज्या 'कुकी' साठवतो, त्या सर्वसाधारणपणे नावाशी बांधलेल्या असतात. तिन्ही संकेतस्थळांचे नाव 'लोकलहोस्ट' हेच असल्याने एकात केलेला प्रवेश दुसऱ्याच्या आड येतो. कारखान्याच्या पानावर प्रवेश केला की वाचनालयाच्या पानावरून आपण आपोआप बाहेर फेकले जातो, आणि कार्यक्रमात नसलेली चूक शोधण्यात रात्र जाते. संकेतस्थळ बाहेर ज्या स्वरूपाच्या पत्त्यावर राहणार, तशाच पत्त्यावर ते घरी राहू देणे, हा यावरचा सरळ उपाय होय.

फाटकावरचा रखवालदार

कोणत्याही औद्योगिक वसाहतीत एक दृश्य हटकून दिसते. प्लॉट एक, फाटक एक, पण फाटकावर चार कंपन्यांच्या पाट्या. येणाऱ्याला रखवालदार विचारतो, "कोणाकडे?" उत्तर मिळाले की तो डावीकडे किंवा उजवीकडे बोट दाखवतो. अपाचे नेमके हेच काम करतो. पाहुणा म्हणजे ब्राउजर, प्लॉट क्रमांक म्हणजे आयपी पत्ता आणि कंपनीचे नाव म्हणजे संकेतस्थळाचे नाव.

आश्चर्य असे, की वेबच्या आरंभीच्या काळात पाहुणा कंपनीचे नाव सांगतच नसे. ब्राउजर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषणाचे नियम एचटीटीपी या संकेताने ठरतात. त्याच्या पहिल्या आवृत्त्यांत ब्राउजर फक्त 'अमुक पान द्या' एवढेच म्हणे. तो कोणाच्या दारी आला आहे, हे त्याने गृहीत धरलेले असे. साहजिकच प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र आयपी क्रमांक घ्यावा लागे. तेव्हाच्या पद्धतीत असे क्रमांक सुमारे ४२९ कोटीच होते, आणि ते कधीतरी संपणार हे उघड होते. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी खरोखरच वाटून संपला. त्याआधीच, जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीने एक छोटा नियम घातला होता. प्रत्येक विनंतीत 'होस्ट' अशी एक ओळ असलीच पाहिजे आणि तीत संकेतस्थळाचे नाव असले पाहिजे. ती ओळ नसेल, तर सर्व्हरने 'विनंती चुकीची' असे सांगून पाहुण्याला परत पाठवावे. स्वस्त होस्टिंगचा सारा व्यवसाय या एका ओळीवर उभा राहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आधी नाव, मग दार

घरच्या संगणकावर ही व्यवस्था लावण्याची दोन कामे आहेत आणि ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी करायची आहेत. नवशिक्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. पहिले काम म्हणजे 'किनारा' या नावाचा पाहुणा याच संगणकाकडे यावा अशी सोय करणे. दुसरे म्हणजे तो आल्यावर त्याला कोणत्या फोल्डरकडे न्यायचे, हे अपाचेला सांगणे. पहिल्या कामाशी अपाचेचा काहीही संबंध नाही.

नाव ठेवताना थोडा विचार करावा. जगात कोणी विकत घेऊ शकणार नाही असेच शेपूट नावाला हवे. जून १९९९ मध्येच इंटरनेटच्या मानकांत 'टेस्ट' आणि 'लोकलहोस्ट' यांसारखी काही शेपटे अशा कामासाठी राखून ठेवण्यात आली. तरीही अनेक जण वर्षानुवर्षे '.डेव्ह' वापरीत राहिले. ते शेपूट पुढे गूगलकडे गेले. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या क्रोमच्या ६३ व्या आवृत्तीने त्यावरील प्रत्येक नावाला सुरक्षित जोडणीची सक्ती केली. जगभरातील कित्येकांची घरगुती संकेतस्थळे एका अद्ययावतीकरणानंतर उघडेनाशी झाली. '.लोकल' हेही टाळावे, कारण जवळच्या जाळ्यातील प्रिंटर वगैरे उपकरणे शोधण्यासाठी ते वेगळ्या पद्धतीने वापरले जाते.

आता 'होस्ट्स' फाइलकडे वळू. ही फाइल म्हणजे इंटरनेटची वडिलोपार्जित मालमत्ताच आहे. अर्पानेटच्या काळात जाळ्यातील सर्व संगणकांची नावे व क्रमांक एकाच यादीत असत आणि ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले, यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची डोमेन नाव पद्धती मांडली. जुनी यादी मात्र प्रत्येक संगणकात एका कोपऱ्यात टिकून राहिली. संगणक सहसा आधी या यादीत पाहतो आणि नाव तेथे नसेल, तरच बाहेर विचारतो. आपल्याला हेच तर हवे आहे.

विंडोजमध्ये ही फाइल सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी अशा क्रमाने आत गेल्यावर सापडते. लिनक्स व मॅक यांवर ती थेट ईटीसी फोल्डरमध्ये असते. ती बदलण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. विंडोजवर नोटपॅड उघडतानाच 'अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' हा पर्याय निवडावा. फाइलच्या नावाला कोणतेही विस्तारनाम नसते, याची खात्री करून घ्यावी. नोटपॅड कधीकधी गुपचूप 'टीएक्सटी' जोडते आणि मग केलेला बदल लागू होत नाही. तळाशी पुढील ओळी घालाव्यात. येथे त्या देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर अक्षरे व अंक अर्थातच इंग्रजी हवेत.

१२७.०.०.१   किनारा.टेस्ट
१२७.०.०.१   कारखाना.टेस्ट
१२७.०.०.१   वाचनालय.टेस्ट

१२७.०.०.१ हा क्रमांक प्रत्येक संगणकासाठी 'मी स्वतः' या अर्थाचा आहे. येथवर झाले की 'पिंग' ही आज्ञा देऊन किनारा.टेस्ट या नावाला हाक मारून पाहावी. उत्तरात १२७.०.०.१ दिसले, तर पहिले काम फत्ते झाले. 'लोकलहोस्ट' हे शेपूट वापरल्यास क्रोम व फायरफॉक्सच्या आजच्या आवृत्त्या ही फाइल न बदलताही ते नाव याच संगणकाकडे वळवतात. मात्र इतर कार्यक्रम तसे करतीलच असे नाही.

दुसरे काम अपाचेच्या मांडणीच्या फाइलीत करायचे. झॅम्प हा लोकप्रिय संच वापरत असाल, तर अपाचेच्या कॉन्फ फोल्डरमधील 'एक्स्ट्रा' या उपफोल्डरात व्हीहोस्ट्सची स्वतंत्र फाइल असते. उबुंटूसारख्या लिनक्सवर 'साइट्स-अव्हेलेबल' या फोल्डरात प्रत्येक संकेतस्थळाची वेगळी फाइल ठेवून ती आज्ञा देऊन चालू करतात. मजकूर दोन्हीकडे सारखाच असतो :

<व्हर्च्युअलहोस्ट *:८०>
सर्व्हरनेम किनारा.टेस्ट
डॉक्युमेंटरूट "डी:/साइट्स/किनारा"
</व्हर्च्युअलहोस्ट>

पहिल्या ओळीतील चांदणी म्हणजे 'या संगणकाचा कोणताही पत्ता' आणि ८० म्हणजे वेबचे नेहमीचे पोर्ट. सर्व्हरनेम ही फाटकावरची पाटी, तर डॉक्युमेंटरूट हा कार्यालयाचा मार्ग. विंडोजवरही मार्ग लिहिताना पुढे झुकलेली तिरपी रेघच वापरावी. असेच आणखी दोन परिच्छेद कारखाना आणि वाचनालय यांच्यासाठी लिहावेत. अपाचे पुन्हा सुरू करण्यापूर्वी 'कॉन्फिगटेस्ट' ही तपासणी जरूर करावी. 'सिंटॅक्स ओके' असे उत्तर आले, तरच पुढे जावे. मोठ्या एसचा पर्याय देऊन अपाचेला विचारले, तर तो आपल्याला ठाऊक असलेल्या सर्व व्हर्च्युअल होस्टची यादीही छापून देतो. तासभर डोके खाजवण्यापेक्षा ही यादी पाहणे केव्हाही चांगले.

एवढे करूनही पुष्कळदा पडद्यावर '४०३ फॉरबिडन' असे उत्तर येते. फोल्डर अपाचेच्या मूळ फोल्डरबाहेर असेल, तर तेथे पाहुण्यांना मुभा आहे असे वेगळे सांगावे लागते. त्यासाठी त्या फोल्डरचा 'डिरेक्टरी' परिच्छेद लिहून त्यात 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' ही ओळ घालावी. जुन्या पुस्तकांत या ठिकाणी 'अलाउ फ्रॉम ऑल' असे आढळेल. ती रीत २०१२ साली आलेल्या अपाचे २.४ ने मागे टाकली. 'नेमव्हर्च्युअलहोस्ट' या ओळीचेही तसेच. तेव्हापासून तिची गरज उरलेली नाही. त्यामुळे माहिती वाचताना ती कोणत्या आवृत्तीची आहे, हे आधी पाहावे.

पहिल्या पाटीचा मान

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या, पण सर्वांत दुर्लक्षित नियमाकडे येऊ. पाहुण्याने सांगितलेले नाव कोणत्याच पाटीशी जुळले नाही, तर रखवालदार काय करतो? तो पाहुण्याला परत पाठवत नाही. फाइलीत सर्वांत वर लिहिलेल्या संकेतस्थळाकडे तो त्याला मुकाट्याने नेऊन सोडतो.

याचा पहिला प्रत्यय लगेच येतो. व्हर्च्युअल होस्ट लावल्यावर नुसते 'लोकलहोस्ट' टाइप केले, की पूर्वीचे पान दिसण्याऐवजी किनाऱ्यावरच्या खोल्यांची छायाचित्रे दिसू लागतात. जुने काम पुसले गेले की काय, असे वाटून घाबरायला होते. काहीही पुसलेले नसते. सर्वांत वर लोकलहोस्टचा स्वतःचा परिच्छेद लिहिला, की सारे पूर्ववत होते.

घरी हा केवळ गोंधळ असतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर मात्र त्याचे रूप गंभीर होते. समजा, सर्वांत वरचा परिच्छेद कारखान्याच्या अर्धवट चाचणी प्रतीचा आहे आणि तीत खऱ्या ग्राहकांची यादी आहे. मग ज्याला ते नावही ठाऊक नाही, असा कोणीही केवळ आयपी क्रमांक टाइप करून त्या यादीपर्यंत पोहोचू शकतो. यंत्राद्वारे रात्रंदिवस क्रमांकांमागून क्रमांक चाचपणारे लोक जगात भरपूर आहेत. नावाचे एक अक्षर चुकले किंवा नवे डोमेन सर्व्हरकडे वळवून त्याचा परिच्छेद लिहायचा राहिला, तर एका ग्राहकाच्या नावाखाली दुसऱ्याचे संकेतस्थळ उघडते ते याच नियमाने. म्हणून पहिली जागा नेहमी एका रिकाम्या, निरुपद्रवी पानाला द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. एन्जिनएक्स हा दुसरा लोकप्रिय सर्व्हर वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तेथे शब्द वेगळे असले, तरी न जुळलेला पाहुणा पहिल्या संकेतस्थळाकडेच जातो, जोवर आपण दुसरे काही नेमून देत नाही.

घरच्या संगणकावर आणखी एक दक्षता घ्यावी. अपाचे सहसा सर्व बाजूंनी येणाऱ्या पाहुण्यांना दार उघडतो. कार्यालयातील किंवा वसतिगृहातील सामाईक वाय-फायवर असताना शेजारच्या संगणकावरूनही आपले अर्धवट काम दिसू शकते. 'लिसन' या ओळीत ८० च्या आधी १२७.०.०.१ आणि विसर्गचिन्ह लिहिल्यास दार फक्त आपल्यापुरते उघडे राहते.

पाकीट बंद असेल तर

सुरक्षित, म्हणजे कुलुपाचे चिन्ह दाखवणाऱ्या जोडणीत एक जुना पेच होता. तेथे सारा संवाद गुप्त लिपीत होतो आणि 'होस्ट' ही ओळही बंद पाकिटात असते. पाकीट उघडण्यासाठी आधी योग्य प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि प्रमाणपत्र निवडण्यासाठी आधी नाव कळावे लागते. जून २००३ मध्ये मानकात आलेल्या एसएनआय या सोयीने नाव पाकिटाच्या बाहेर लिहिण्याची मुभा दिली. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्स्प्लोररला ही सोय कळत नसे. त्यामुळे तो संगणकांतून हद्दपार होईपर्यंत, म्हणजे पुढची दहाएक वर्षे, कित्येकांना सुरक्षित संकेतस्थळासाठी वेगळा क्रमांक घ्यावाच लागला.

घरी काम करताना याचा संबंध एका ठिकाणी येतो. पाहुण्याचे ठिकाण ओळखणे किंवा कॅमेरा वापरणे, या गोष्टी ब्राउजर आता सुरक्षित जोडणीवरच करू देतात. 'लोकलहोस्ट'ला त्यातून सूट आहे, 'टेस्ट'ला नाही. निवासव्यवस्थेच्या संकेतस्थळावर 'बोईसर स्थानकापासून कसे याल' हा नकाशा पाहुण्याच्या ठिकाणावरून काढायचा असेल, तर नाव 'लोकलहोस्ट' या शेपटाचे घ्यावे किंवा एमकेसर्टसारख्या साधनाने घरगुती प्रमाणपत्र तयार करावे.

नवापूर की नवापुर?

संकेतस्थळाचे नाव देवनागरीत असेल, तर? '.भारत' हे शेपूट २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते खुले झाले. ब्राउजरमध्ये देवनागरी नाव टाइप करता येते, पण पडद्यामागे ते जसेच्या तसे जात नाही. प्युनिकोड नावाच्या पद्धतीने त्याचे इंग्रजी अक्षरे व अंक यांत रूपांतर होते. या रूपाच्या आरंभी नेहमी एक्स आणि एन ही दोन अक्षरे व दोन आडव्या रेघा असतात. 'होस्ट' ओळीत अपाचेला हेच रूप दिसते. म्हणून होस्ट्स फाइलीत आणि सर्व्हरनेमपुढे देवनागरी नाव न लिहिता त्याचे हे सोंगच लिहावे, अन्यथा पाटी आणि पाहुणा यांची गाठ पडणार नाही.

मराठी नावांची खरी गंमत पुढेच आहे. मराठीत आपण 'नवापूर' दीर्घ ऊकाराने लिहितो, तर हिंदीच्या रीतीने तेच 'नवापुर' असे ऱ्हस्व होते. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच, पण संगणकाला ती दोन पूर्ण वेगळी नावे आहेत. त्यांची प्युनिकोड रूपेही वेगळी. एकाच संकेतस्थळाने दोन्ही नावांना ओ द्यावी यासाठी अपाचेमध्ये 'सर्व्हरअलियास' ही ओळ आहे. सर्व्हरनेमपुढे दीर्घ रूप लिहावे आणि अलियासपुढे ऱ्हस्व रूप, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेले रूप आणि लोक हमखास करतील अशी एखादी चूकही. अर्थात त्या नावांची बाहेर नोंदणीही केलेली असली पाहिजे. अलियास लिहिल्याने नाव विकत मिळत नाही.

काही जण 'टेस्ट'चे शेपूट न वापरता संकेतस्थळाचे खरे, नोंदवलेले नावच होस्ट्स फाइलीत १२७.०.०.१ समोर लिहितात. प्रत्यक्ष सर्व्हरवर जाण्याआधी सारे काही तंतोतंत पाहून घेण्याची ही चांगली युक्ती आहे. पण संकेतस्थळ बाहेर चालू झाल्यावर ती ओळ पुसायला हवी, किंवा तिच्या आरंभी हॅशचे चिन्ह टाकून ती निकामी करायला हवी. तसे न केल्यास साऱ्या जगाला बंद पडलेले संकेतस्थळ दिसत असते आणि ते तयार करणाऱ्याच्या संगणकावर मात्र ते सुरळीत चालू असते. ग्राहकाचा दूरध्वनी आला, तर बोलण्याआधी ती फाइल उघडून पाहावी.